खंडेनवमीची हार्ड डिस्क

आमच्या सुनेची हार्ड डिस्क तिच्या घाईमुळे बिघडली, असे आमच्या घरात दोन वर्षे मानले जाते. ती माझ्यामुळे बिघडली. पुढे लिहिताना धीर सुटू नये म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मी सोलापुरातल्या एका तंत्रशाळेत लेथ मशीन शिकवत असे. खंडेनवमीला कार्यशाळेतली सगळी यंत्रे पुसायची, तेल द्यायचे, हळदकुंकू लावून झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी एकही यंत्र सुरू करायचे नाही, ही शिस्त मी नोकरीभर पाळली. "आज यंत्राला सुट्टी हाय, हात लावायचा न्हाय," असे मुलांना दरडावत असे. निवृत्तीनंतर तीच पूजा घरी आली. पक्कड, पाने, शिलाई मशीन, मिक्सर, लॅपटॉप. त्या वर्षी मी सुनेची हार्ड डिस्कही पाटावर मांडली.

तिच्यात काय होते, ते मला ठाऊक होते. सून कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मंद्रूपची. तिची आई निम्मे कानडीत, निम्मे मराठीत बोलायची. आईच्या आजारपणात सुनेने तिचे बोलणे फोनवर टिपून घेतले होते. शेंगाचटणीत लसूण कधी घालायचा, शेजारणीशी म्हशीवरून झालेले भांडण, नातीसाठी म्हटलेला कानडी पाळणा. फोन भरला तेव्हा तिने ते सगळे डिस्कवर घेतले आणि फोनमधले पुसून टाकले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात विहीणबाई गेल्या. दुसरी प्रत नव्हती.

मी फुलाने पाणी शिंपडले. कुंकवाचे ओले बोट नेमके वायर लावायच्या खाचेवर टेकवले. एवढ्यावर थांबलो असतो आणि माझीच शिस्त पाळून दिवसभर तिला हात लावला नसता, तर पाणी वाळून गेले असते. पण दुपारी घरातले सगळे दसऱ्याच्या बाजाराला गेले आणि मला त्याच डिस्कवरचे नातीच्या बारशाचे फोटो टीव्हीवर बघायची लहर आली. वायर लावली. डिस्कचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. आतून टक् टक् आवाज यायला लागला. मी वायर काढली, डिस्क धोतराने पुसली आणि पाटावर होती तशी ठेवून वर फूल ठेवले.

दसऱ्याला सुनेने ती लॅपटॉपला लावली.

"दिसतीय आन् जातीय, आत्या," ती माझ्या बायकोला म्हणाली.

"जाणारच की! वायर उपटू नको म्हणून किती डाव सांगायचं? लई घाई हिला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण काढणारी ही."

मुलगा हसला. सुनेने मान खाली घातली. "व्हय, परवा बंद न करताच ओढली मी. मामा, तुमी बघा की. तुमचा हात बसलाय मशीनवर."

तेव्हा बोलायला हवे होते. मी चष्मा लावला आणि दुरुस्तीला बसलो.

वायर बदलली. लॅपटॉप सोडून मुलाच्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूने लावून पाहिली. मध्येच नावांची यादी दिसायची, सून श्वास रोखून पुढे वाकायची, कॉपी सुरू व्हायची आणि अडकायची. ओल्या यंत्राला करंट द्यायचा नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात मुलांना शिकवत असे. इथे दोन दिवस मी तेच करत होतो. मग गुपचूप ती तांदळाच्या डब्यात पुरली. बायकोला सापडली.

"अहो, हे काय? भातात शिजवू का?"

"हवेतली ओल ओढतात तांदूळ," मी म्हणालो. माझ्या हुशारीचे कौतुकच झाले.

शेवटी सुनेबरोबर नव्या पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने खाचेत टाचणी फिरवली. "चाचा, पानी-बिनी लगा क्या इसकू?"

"नाही."

"फिर ये लाल क्या है?"

"गंज असेल."

त्याने टाचणीचे टोक उजेडात धरले. "पानी लगा हुंगा तो पैले बोर्ड साफ करना पड़ता. नै तो सीधा चालू करके देखतौं. बोलो."

सून माझ्याकडे बघत होती. कार्यशाळेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने यंत्रावर पाणी टाकले, हे तिच्यासमोर कबूल करणे मला जमले नाही. "चालू करून बघा," मी म्हणालो. एकदा खरवडल्यासारखा आवाज आला, मग तोही बंद झाला. नंतर मुलाने ती पुण्याला दाखवली. आतली तबकडी ओरखडली आहे, काही निघणार नाही, असे कळले.

त्या दिवशी दुकानातून परतताना रिक्षात सून म्हणाली होती, "माझ्याच हातानं घालवलं मी आईला." मी म्हणालो होतो, "होतं असं."

त्यानंतर ती यंत्रांना बिचकू लागली. नातीच्या शाळेचे काही पेन ड्राइव्हवर घ्यायचे असले तरी नवऱ्याला म्हणायची, "मामांना सांगा, माझा हात वाईट हाय." या खंडेनवमीला मी तिचा फोन मागितला, तर तो टेबलावर ठेवून म्हणाली, "तुमीच उचला. पूजेत माझा हात नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सगळे सांगितले. ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"दुकानात त्यानं विचारलं, तवा तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"तवा सांगितलं असतं तर निघालं असतं?"

"बहुतेक निघालं असतं."

तव्यावरची भाकरी करपली, तिने ती उलटली नाही. मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग, मामा? ज्यांच्यापुढं मी मान खाली घातली, त्यांना सांगा."

जेवताना मी सांगितले. काय सांगितले? "त्या डिस्कला कदाचित माझ्याकडूनही थोडं पाणी लागलं असेल." बायको म्हणाली, "जाऊ द्या हो, तुमी देवाचंच करत व्हता." मुलगा म्हणाला, "आता काय त्याचं." सून अर्ध्या ताटावरून उठली.

म्हणून हे लिहून काढले. तिच्या आईचा आवाज माझ्या हातून गेला आणि वाचवता येत असताना मी खोटे बोललो. यात कदाचित नाही आणि थोडेही नाही. उद्या जेवायच्या आधी, सगळे बसलेले असताना आणि सून समोर असताना, हा कागद मी मोठ्याने वाचणार आहे. मध्येच कोणी "जाऊ द्या" म्हणाले, तरी शेवटपर्यंत वाचणार आहे.