साळवे सरांची पेन्सिल

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी संगणकावर पेठकडच्या एका डोंगराचं काम करत होते. महिना होऊन गेला. फाईल उघडली की अजून त्यांचाच आवाज येतो... "थांब. आधी ओढा बघ."

मी नामपूरची, घरातली पहिली पदवीधर. नाशिकला नकाशांच्या एका छोट्या कचेरीत लागले, तेव्हा सर तिथे सर्वांत ज्येष्ठ होते. उपग्रहाने काढलेला फोटो आणि जमिनीच्या चढउताराचं संगणकावरचं मॉडेल एकमेकांवर नेमकं बसवायचं, हे आमचं काम. दोन्हींत दिसणाऱ्या खुणा शोधून जुळवायच्या. मला कायम करायचं की नाही ते ठरायचं होतं, तेव्हाच डोंगरातल्या एका पाड्याच्या नकाशाचं काम माझ्याकडे आलं. दरडीच्या धोक्यातली घरं त्या नकाशावरून ठरणार होती. मी तळ्याचा काठ, रस्त्याची वळणं अशा सपाटीवरच्या सोप्या खुणा जुळवल्या. डोंगरावरची एकही नाही. खाली सगळं चोख बसलं, वर सगळं सरकलं. पाड्यावरून निरोप आला, धोक्याची म्हणून दाखवलेली घरं भलतीच आहेत.

मालकांनी बोलावलं. आता घरी वडिलांना, आप्पांना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सर आधीच आत बसले होते. "तपासून सही मी केलीय, चूक माझी," ते म्हणाले. "हिला पाड्यावर नेऊन आणतो. मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी माझा नकाशा निरखून पाहिला. "का हो बाई, आमचा ओढा टेकाड चढला का?"

"हिच्या नामपूरला चढतो, बाबा," सर म्हणाले. सगळे हसले. रडू आवरत मीही हसले. मग सरांनी मला दिवसभर डोंगरावर हिंडवलं. घळीचं तोंड, सोंडेचं टोक, खडकाची कड... फोटोत कुठल्या खुणा शोधायच्या ते तिथे कळलं. नकाशा पुन्हा केला, घरं जागेवर आली. माझी नोकरीही राहिली. सर त्या चुकीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

नकाशा पुढे पाठवण्याआधी ते पेन्सिलीचं बोथट टोक पडद्यावर ओढ्यावरून उगमापासून खाली न्यायचे, उंचीचे आकडे कमी होतायत ना ते बघायचे आणि पुटपुटायचे, "उतर... उतर..." ओढा कुठे चढताना दिसला, की फोटो सरकलाय हे नक्की. निवृत्त होताना ती पेन्सिल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

फोन आला त्या दिवशी नकाशा पाठवायचाच बाकी होता. सवयीने पेन्सिल फिरवली. एका वळणाला ओढा जरासा चढत होता. मी डोळे पुसले आणि डोंगरावरच्या खुणा पुन्हा शोधायला बसले.