नवघरच्या उर्मिलेचा दम

नवघरच्या मैदानावर उर्मिला सकपाळ चढाईला निघाली की समोरच्या संघातल्या मुली तिच्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघायच्या. तिचा दम संपतच नसे. चौघींनी साखळी करून तिला कोपऱ्यात घ्यावं, तिने तिथेच 'कबड्डी, कबड्डी' करत घुटमळावं, आता दम तुटणार असं सगळ्यांना वाटावं, तेवढ्यात दोघींना शिवून ती मध्यरेषेवर पोचलेली असायची. वडील महाडकडून आलेले, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करत. आई लवकर गेली, त्यामुळे धाकटी नीलम उर्मिलेच्याच हातांखाली वाढली. पुढे घरात पैसा हवा म्हणून खेळ सुटला आणि उर्मिला एका गाळ्यात मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवू लागली. कुरकुर तिने कधी केली नाही. फक्त मैदानावरून जाताना ती जरा भरभर चालायची.

२००५च्या हिवाळ्यात खाडीकाठी फुगे उतरले.

हे नाव लोकांनीच दिलेलं. दाराच्या चौकटीएवढे उंच, अभ्रकासारखी कातडी, डोळे नाहीत की तोंड नाही. चालताना भरायचे आणि रिकामे व्हायचे. लष्कर आलं, गोळीबार झाला, फुगे फाटले आणि सकाळपर्यंत पुन्हा सांधले गेले. रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेचा सगळा भाग त्यांनी बळकावला. अधूनमधून ते पूर्वेला, नवघरकडेही येत, इमारतींचे जिने चढत आणि माणसं घेऊन जात. मारत नसत. पश्चिमेच्या राई गावातल्या मिठागरात एका लांबलचक शेडमध्ये गुरांसारखी कोंडत आणि भोवती बसून राहत. माणसांच्या श्वासावर त्यांचं पोट भरायचं. माणसं मात्र दिवसेंदिवस मंद होत जायची. आधी नावं विसरायची, मग भूक.

दीड वर्षाने अशाच एका फेरीत त्यांनी नीलमला नेलं. फुगे आले तेव्हा दोघी बहिणी जिन्यात होत्या. नीलम वर पळाली. उर्मिलेचे पायच हलेनात. एक फुगा तिच्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबला आणि तिच्या तोंडून, भीतीने की सवयीने कोण जाणे, पुटपुट सुरू झाली: कबड्डी, कबड्डी, कबड्डी. फुगा जरा डुलला, समोर खांब असल्यासारखा तिला वळसा घालून वर गेला. वरून नीलमच्या धापा ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या.

त्या दिवसापासून उर्मिलेला झोप लागेना. दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी डोक्यात घोंघावत होतं. श्वास सोडताना त्यांना माणूस कळत नाही, आत घेताना कळतो. वडिलांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं, धक्क्याने पोरीचं डोकं फिरलंय.

तिचं ऐकून घेतलं ते नाथाने. नाथा राईचा, खाडीतून होडीने नवघरला मासळी आणून विकायचा. फुग्यांना ओलावा लागत असल्याने मिठागरात पाणी ओढणारी डिझेलची इंजिनं त्यांनी चालू राहू दिली होती आणि ती चालवायचं काम नाथाकडे होतं. इंजिनाच्या धुरात उभ्या माणसाचा श्वास फुग्यांना लागत नसे, म्हणून तो आजवर सुटला होता. पाण्यावरही ते येत नसत, त्यामुळे रात्री तो आईला घेऊन होडीतच राहायचा.

"तुजी बहीन जित्ती हाय," तो म्हणाला. "पन माज्याकडं बगून वलख न्हाय दिली तिनं."

शेडपासून नाथाच्या होडीपर्यंत बांधावर तीन इंजिनं होती. एका इंजिनापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर चांगल्या खेळाडूच्या एका दमात निघेल एवढं. उर्मिलेने ते त्याला चार वेळा सांगायला लावलं. मग तिने ठरवलं. नाथा नको नको म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंपणाच्या तारांखालून रूळ ओलांडून पश्चिमेला गेली, बंद दुकानांच्या रांगेसमोर उभी राहिली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक. रस्त्याच्या टोकाला काहीतरी चमकलं. पळून जावं असं तिच्या अंगातला कण न् कण सांगत होता आणि तरी आत कुठेतरी, टाळ्यांच्या गजरात रेषा ओलांडताना व्हायचं तसंच होत होतं. फुगे आले, तिच्याभोवती जमले आणि तिला घेऊन चालू लागले.

शेडमध्ये चाळीसेक माणसं होती. नीलम भिंतीला टेकून बसलेली, नजर जमिनीवर. उर्मिलेने तिला हाक मारली, हलवलं, केस सारखे केले. काही नाही. पण मागून कोणीतरी खाकरलं. "सकपाळ, टाच उचलून ठेव. किती वेळा सांगायचं?"

ते आत्माराम मास्तर होते, राईचेच. नवघरच्या मुलींना त्यांनीच खेळ शिकवला होता. फुग्यांनी त्यांचीही पुष्कळशी आठवण शोषली होती, बायकोचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण खेळ शाबूत होता. उर्मिला त्यांच्या पायाशी बसून रडली आणि मग लगेच कामाला लागली.

भरदुपारी ऊन तापलं की फुगे सुकून बांधाकडेला चिपाडासारखे पडत, अगदी जवळ कोणी श्वास घेतला तरच भरत. तेवढ्या वेळात सराव चाले. मास्तर बोट वर करत, माणसं एका दमात पुटपुटत शेडच्या या टोकापासून त्या टोकाला जात. पहिल्यांदा सगळेच मध्येच धापा टाकत. पण गंमत अशी झाली की दम धरायला लागल्यापासून फुग्यांना मिळणारा श्वास कमी झाला आणि माणसांच्या डोळ्यांत जरा जरा ओळख परतू लागली. एका बाईला स्वतःचं आडनाव आठवलं तर सगळी शेड तिच्याकडे बघत राहिली. नीलम बोलत नव्हती, पण बोट वर झालं की तीही उठून चालू लागली.

एके दुपारी भरतीला नाथाने ठरल्याप्रमाणे होडी लावली. पाच-पाच जणांचे गट निघाले. पहिलं इंजिन, धुरात श्वास. दुसरं इंजिन, धुरात श्वास. काही जण शेडच्या दारातूनच मागे फिरले, त्यांना कोणी ओढलं नाही. शेवटच्या गटात नीलम आणि तिच्यामागे उर्मिला. तिसरं इंजिन मागे पडलं. होडी समोर दिसत होती, मास्तर तिच्यात बसले होते. आणि नीलमचा पाय चिखलात घसरला. पडता पडता तिने खसकन श्वास आत ओढला.

बांधावरची चिपाडं एकदम भरली.

उर्मिलेने विचार केला नाही. तिने नीलमला पुढच्याच्या अंगावर ढकललं, स्वतः तोंड उघडून मोठ्याने श्वास घेतला आणि ती होडीच्या उलट दिशेला पळत सुटली. मिठाचे वाफे पायांखाली करकरत होते. पळताना ती मुद्दाम धापा टाकत होती, सगळ्यांना ऐकू जावं अशा. फुगे बांध सोडून तिच्यामागे लागले, पुढूनही आले, आणि एका कोरड्या वाफ्यात त्यांनी तिला चारी बाजूंनी घेरलं. अशी साखळी तिने कितीदा पाहिली होती. तिने अखेरचा श्वास पोटापर्यंत भरून घेतला आणि सुरू केलं.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

फुगे जागच्या जागी डुलू लागले. ती त्यांच्यामधून चालत निघाली. पळायचं नव्हतं, पळालं की दम जातो. दोघांमधली फट एवढी अरुंद होती की तिचा हात एकाच्या कातडीला लागला: गार, ओल्या प्लास्टिकसारखी. छातीत आग उठली, कानात घण पडू लागले, इंजिन अजून लांबच. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले तेव्हा नाकात डिझेलचा घाणेरडा वास शिरला. तिथे ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी धूर ओढून घेतल्यासारखी श्वास घेत राहिली. मग शेवटचा टप्पा. नाथाने तिला दंडाला धरून होडीत ओढलं.

"दम तुटला नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली आणि ती हसू लागली, आणि तिला हसताना बघून होडीतली माणसं हसू लागली. रेल्वेच्या पुलाखालून जाताना नीलमने तिच्या ओढणीचं टोक धरलं ते नवघरचा काठ येईपर्यंत सोडलं नाही. बोलायला तिला आणखी महिना लागला.

शेडमध्ये राहिलेल्यांसाठी उर्मिला पुन्हा गेली, नंतर तिने तयार केलेल्या बायका गेल्या, आणि शेड रिकामी झाली. मैदानावर रोज संध्याकाळी मास्तर आणि ती सगळ्या गावाला दम शिकवत, भाजीवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत. फुगे पूर्वेला येत, जिने चढत आणि रिकाम्या पोटी परत जात. २००९ साली, थंडी सरता सरता, ते खाडीकाठावरून उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी उर्मिला रूळ ओलांडून एकटी राईपर्यंत चालत गेली. नाथाच्या घरी बोंबलाचं कालवण आणि भात पोटभर जेवली, त्याच्या आईशी गप्पा मारल्या, आणि कबड्डीच्या सरावाची वेळ झाली म्हणून घाईघाईने परत निघाली.