फुल डे म्हणजे किती वाजेपर्यंत?

पोट कमी करणं जमत नाही हे एकदा नक्की झालं की माणूस निदान फोन तरी बारीक घेतो. पंचावन्नाव्या वर्षी मी तेच केलं. आधीचा माझा फोन जाड होता, त्याचे कोपरे झिजले होते, आणि एकदा चार्ज केला की दोन दिवस त्याच्याकडे बघावं लागत नसे. म्हणजे दोष तसा काही नव्हता. पण ऑफिसातल्या एका मुलीने मीटिंगमध्ये तो टेबलावर पाहिला आणि विचारलं, "सर, तो एसीचा रिमोट जरा देता का?" टोमणा असता तर मी सोडून दिला असता. ती खरंच रिमोट शोधत होती.

त्याच आठवड्यात मी शनिवार पेठेतल्या आमच्या घराजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. बरोबर बाबा होते. माझे वडील त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि विश्रांतवाडीला एकटे राहतात. पस्तीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर होते, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून बघतात. त्या दिवशी चष्म्याची काडी बसवून घ्यायला ते पेठेत आले होते आणि "चल, मलाही काही काम नाही" म्हणून माझ्याबरोबर दुकानात शिरले.

दुकानातली मुलगी हसतमुख होती. "सर, हा बघा ना. एकदम स्लिम, एकदम लाइट. हातात घेऊन फील बघा."

मी फील बघितला. खोटं कशाला बोलू, सुंदर होता. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. बाबांनी तो माझ्याकडून घेतला, उलटा केला आणि मुलीला विचारलं, "चार्ज किती दिवस राहतो?"

"दिवस?" ती गोंधळली. "काका, फुल डे बॅकअप आहे."

"फुल डे म्हणजे किती वाजेपर्यंत?"

"ते युसेजवर डिपेंड आहे, काका."

"म्हणजे वापरला नाही तर टिकतो," बाबा म्हणाले आणि फोन काउंटरवर ठेवला. मग काचेच्या कपाटातल्या एका जाडजूड फोनकडे बोट दाखवलं. तो दोन दिवस चालतो असं त्याच्या खोक्यावरच लिहिलं होतं. "हा घे."

"बाबा, तो खिशात कसा दिसेल?"

"खिशात कोण बघायला येतंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी बारीक फोन घेतला.

बाबांना बॅटरीची एवढी काळजी का, ते सांगायला हवं. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे या म्हणून सांगून थकलो. "तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तुमच्याकडे चहा पातळ असतो," असं त्यांचं म्हणणं. गुडघ्यांचं खरं होतं, चहाचंही खरं होतं. शेवटी तडजोड झाली. रोज पाच वाजता त्यांचा चहा झाला की त्यांनी मला एक रिंग द्यायची आणि कापायचं. मी उचलायचं नाही. मग मी उलट एक रिंग द्यायची, ती त्यांनी उचलायची नाही. त्यांच्या रिंगचा अर्थ मी ठीक, माझ्या रिंगचा अर्थ मीही ठीक. फोनवर बोलायला पैसे पडायचे त्या काळातली ही सवय. आता बोलणं फुकट झालंय, पण फुकट झालं म्हणून बापलेकांना विषय थोडेच सुचतात? सहा वर्षांत आमचा जो काही संवाद झाला, त्यातला बराचसा कुणीच उचललेला नाही. पण या एका रिंगच्या भरवशावर ते तिकडे एकटे राहत होते आणि मी इकडे बिनघोर जेवत होतो.

नवा फोन सकाळी टवटवीत असायचा. दुपारचा डबा खाईपर्यंत त्याचा चेहरा उतरायचा आणि चारच्या सुमाराला तो लाल व्हायचा. हातातून सटकतो म्हणून त्याला रबरी कव्हर घातलं, तेव्हा त्याचा अर्धा बारीकपणा गेला. मग पॉवर बँक घेतली. ती चांगली वीटभर होती. ती पँटच्या खिशात, फोन शर्टाच्या खिशात आणि मधून वायर. ऑफिसातल्या त्याच मुलीने या वेळी काळजीने विचारलं, "सर, हार्टचं मशीन लावलंय का?" त्या दिवसापासून पॉवर बँक घरी राहायला लागली. कुणाकडे गेलो तर चपला काढता काढता माझी नजर भिंतीवरून सॉकेट शोधत फिरायची. लोक पाणी विचारायचे, मी चार्जर विचारायचो. शेवटी पाचची रिंग चुकू नये म्हणून मी एक शास्त्रशुद्ध उपाय काढला. दुपारी दोनला फोन बंद करायचा आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना सुरू करायचा. एवढा देखणा फोन घेऊन मी तो बंद ठेवण्यात पारंगत झालो.

"कसा आहे फोन?" बाबांनी एकदा भेटल्यावर विचारलं.

"उत्तम. दिवसभर चालतो," मी म्हणालो. पंचावन्न वर्षांचा माणूस वडिलांशी असं खोटं बोलतो, आणि तेही बॅटरीवरून.

मग तो शनिवार आला. बायको आठवडाभर नाशिकला बहिणीकडे गेली होती. मी साताऱ्याला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो होतो. तिथे माझ्या फोनचं फार कौतुक झालं. "बघू, बघू, किती पातळ!" म्हणत तो सगळ्या मांडवभर फिरला. मीही फुशारून सगळ्यांचे फोटो काढले, मुलीच्या आजोबांचा तर व्हिडिओ काढला. परतताना बसने कात्रजचा बोगदा ओलांडला आणि फोनने मान टाकली. स्वारगेटला उतरलो तेव्हा पाचला दहा कमी होते.

स्टँडवर माझ्या शेजारी कारखान्याच्या गणवेशातले एक गृहस्थ बसले होते, यवतमाळकडचे. मी संकोचून फोन मागितला. "घ्या न भाऊ, लावा बिनधास्त, त्यात काय!" म्हणत त्यांनी खिशातून एक जाडजूड यंत्र काढलं. त्याला रबरबँड बांधलेला होता आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. "सकाळी चार्ज केला होता का?" मी न राहवून विचारलं. "सकाळी कायले? परवा केला होता जी," ते म्हणाले.

बाबांचा नंबर मला पाठ होता, याचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला. नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि कापलं. फोन परत केला.

"बोलले नाही तुम्ही?"

"नाही, एकच रिंग द्यायची असते."

"अच्छा," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

आता कुणालाही कळेल की मी काय करून ठेवलं होतं. ती रिंग अनोळखी नंबरावरून गेली होती. आणि "अनोळखी नंबर दिसला की तो चोर समजायचा, उचलायचा नाही, उलट फोन करायचा नाही," हे बाबांना शंभर वेळा बजावणारा मीच. ते कारखान्यातले, सूचना पाळणारे. मला यातलं काहीही सुचलं नाही. कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात मी स्वारगेटला उसाचा रस प्यायलो आणि रमतगमत घरी आलो. सहा वाजून गेले होते.

फोन चार्जिंगला लावला. चार-पाच मिनिटांनी तो जागा झाला आणि पहिला मेसेज आला तो बाबांच्या नंबरावरून चौदा वेळा कॉल येऊन गेल्याचा. सहा वर्षांत त्यांनी कधी दुसरी रिंग दिली नव्हती.

मी फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. हे एका परीने बरोबरच होतं, न उचलण्याचाच आमचा करार. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "उचला ना, बाबा." चौथ्या वेळी मला त्यांचं न्हाणीघर दिसायला लागलं, तिथली ती गुळगुळीत फरशी, जी बदलून देतो असं मी दोन दिवाळ्या म्हणत होतो. मला भीती वाटली. शेजारच्या काकूंचा नंबर मी कधी घेऊन ठेवला नव्हता, कारण रिंग होती ना. पॉवर बँक उचलली, तर तिलाही आधी चार्ज करावं लागतं हे मी विसरलो होतो. खाली धावत जाऊन रिक्षा पकडली. रिक्षात बसून लावत राहिलो, लावत राहिलो, आणि येरवड्याच्या सिग्नलला फोन पुन्हा मेला. फुल डे संपला.

विश्रांतवाडीला बाबांच्या दाराला कुलूप होतं. मी बेल वाजवतोय, कुलूप असलेल्या दाराची बेल वाजवतोय, हेही मला कळत नव्हतं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात बाबांचा फोन होता.

"अहो, तुम्ही! बरे आहात ना?"

"मी बराच आहे. बाबा कुठायत?"

"तुमच्याकडेच गेलेत की. तुमची रिंग नाही, फोन बंद, सूनबाई गावाला. म्हणाले, जाऊन बघून येतो. पावणेसहाला निघाले."

"आणि फोन?"

"फोन माझ्याकडे देऊन गेले. म्हणाले, त्याचा फोन आला आणि घरी फोनच नसला तर?"

तीस वर्षं आमच्या हॉलमध्ये स्टुलावर फोन होता. बाबांच्या लेखी फोन हा घराचा असतो, माणसाचा नसतो. माणसाने बाहेर जायचं आणि फोनने घरी थांबायचं.

"पण काकू, मी इतक्या वेळा लावला!"

"हो, वाजला ना. अकरा वेळा," काकू म्हणाल्या. "पण त्यांनी बजावलं होतं, त्याची रिंग आली तर उचलायची नाही, नुसती ऐकायची. मी ऐकली. पहिली रिंग आली तेव्हाच म्हटलं, चला, पोरगा ठीक आहे. इतकं हायसं वाटलं बघा."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. पण त्या बाईने आमचा करार आमच्यापेक्षा नीट पाळला होता. मी सुखरूप आहे हे तिला कळलं होतं, तिला कळून उपयोग नव्हता, आणि ज्याला कळायला हवं होतं तो त्या वेळी बसच्या दांड्याला धरून उभा होता. काकू म्हणाल्या, तुमच्या शेजाऱ्यांना फोन करा, माझ्या फोनवरून करा. शेजाऱ्यांचे नंबर माझ्या फोनमध्ये होते, म्हणजे कुठेही नव्हते.

परतीच्या रिक्षात माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा प्रवास होता. मधे बस बदलावी लागते. संध्याकाळच्या गर्दीत त्यांना कुणी जागा दिली असेल का, दोन्ही गुडघे दुखत असताना ते तीन मजले कसे चढले असतील, हेच मनात येत होतं. आणि हे सगळं खिसा फुगलेला दिसू नये म्हणून. मला माझी इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. बाबा आमच्या दारासमोर वरच्या पायरीवर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"आलास?"

"बाबा, फोन संपला होता," मी म्हणालो. "सॉरी. मी तिकडे गेलो होतो. तुम्हाला बघायला."

"हं."

मी हात धरून उठवायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुठीत काहीतरी लागलं. आमच्या घराची किल्ली होती ती, मीच त्यांना दिलेली.

"किल्ली होती तुमच्याकडे? मग आत का नाही बसलात? तासभर इथे पायरीवर..."

त्यांनी किल्ली उलटी करून बघितली.

"बेल वाजवली दोनदा," ते म्हणाले. "आतून कुणी आलं नाही. मग लॅचमध्ये किल्ली घालायला हात होईना. दार उघडलं नाही तोवर तू बाहेर गेलेला असतोस."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. किल्ली अजून त्यांच्याच मुठीत होती आणि ती मागून घ्यायला माझाही हात होईना.