ही चाल कुणाची?

मी लंगडत टपरीवर पोचलो आणि बाकावरचे सगळे खो-खो हसले.

"आज कुणाची नक्कल रे, पप्या?" चहावाले तात्या म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? गावात मी प्रत्येकाची चाल करून दाखवलीय, तात्यांची तर त्यांच्यासमोरच.

डॉक्टर म्हणतात, माझं शरीर माझ्यावरच उलटलंय. रक्ताच्या गुठळ्या होतात, खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, म्हणून ते आतल्या आत मरतंय.

दुसऱ्याच्या चालीत शिरायचं, लोक हसले की बाहेर पडायचं, एवढंच मला येतं. ह्या चालीतून मात्र बाहेरच पडता येत नाही.

"सांग की, कुणाची?"

"ओळखा!"

त्यांनी गावातली सगळी नावं घेतली. माझं कुणीच घेतलं नाही.