मामाची मांडी

समन्वयक म्हणजे नेमकं काय, हे रेश्मा साळवेच्या आईला आजतागायत कळलेलं नाही. लेक डॉक्टर नाही, नर्स नाही, मास्तरीणही नाही. तरी रोज सकाळी पारनेरहून एसटीनं नगरला जाते आणि दिवेलागणीला दमून परत येते, मग दिवसभर करते तरी काय? रेश्मा सांगते, “माणसांना माणसं जोडून देते.” आई म्हणते, “मग लग्नं जुळव की, निदान जेवायला तरी बोलावतील.”

आईचं काही फार चुकत नव्हतं. लहान मुलाला ऐकू येत नसेल, पाऊल वाकडं असेल, वर्षाचं झालं तरी मान धरत नसेल, तर अंगणवाडीच्या बाईपासून पुण्याच्या डॉक्टरपर्यंत जी जी माणसं लागतात ती एका ठिकाणी आणायची आणि घरच्यांचा धीर सुटू द्यायचा नाही, हेच तिचं काम. नगरमधल्या एका लहानशा संस्थेत ती ते दहा-बारा वर्षं करत होती. त्यात पडण्याचं कारण घरातच होतं. तिच्या थोरल्या भावाला, सम्राटला, ऐकू येत नाही हे घरात कळलं तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. तोवर हट्टी आहे म्हणून मार खात होता. आता तो एमआयडीसीत हमाली करतो, आणि ऐंशी माणसांत एकटा जेवतो. त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ असं कुणी म्हणालं की रेश्माचं डोकं फिरायचं. तिच्या लेखी पुढचं वर्ष नावाची गोष्टच नव्हती.

कार्तिकी तिसगावच्या पुढं एका वस्तीवर राहायची. चार वर्षं उलटून गेलेली पोर, दोन्ही कानांनी ठार बहिरी. कानामागं लावायच्या यंत्राचा उपयोग झाला नव्हता. ऑपरेशन करून आत यंत्र बसवायचं, एवढाच उपाय उरला होता. ते सरकारी योजनेतून फुकट होणार होतं, पण पोर पाच वर्षांची पूर्ण व्हायच्या आत. मे महिन्याच्या अखेरीला तिला पाच पूर्ण होत होती. रेश्मानं तपासण्या उरकल्या, कागद हलवले, पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून करून भंडावून सोडलं आणि मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख पदरात पाडून घेतली. त्या आनंदात ती वस्तीवर गेली आणि बोलता बोलता सांगून बसली, की कानामागचे थोडे केस काढावे लागतील.

कार्तिकीची आजी रतनबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“केस कसं काढत्याल? तिचं जावळ ऱ्हायलंय अजून.”

तेव्हा कुठं रेश्माचं लक्ष पोरीच्या डोक्याकडं गेलं. कमरेपर्यंत आलेल्या दोन वेण्या. जन्मापासून त्या केसांना कात्री लागली नव्हती. या घराण्यात जावळ पहिल्या, नाहीतर तिसऱ्या, नाहीतर पाचव्या वर्षी, देवीच्या डोंगरावर, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. त्याआधी केसाला लोखंड लागलं तर देवी कोपते. आधीच पोर बहिरी निपजलेली, आणखी कोप कोण ओढवून घेणार? पहिलं वर्ष गेलं, तिसरं गेलं, कारण मामा आलाच नव्हता. आता पाचवं चालू होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, “अहो, दोन बोटांएवढे केस. त्यात काय?” त्यात काय ते डॉक्टरांना कळलं नाही. रेश्माला कळलं, म्हणून तर तिला घाम फुटला. खरं तर तिला कळायचं काही कारण नव्हतं. तिच्या आजोबांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले, तेव्हापासून साळव्यांच्या घरात केस वाढले की पोराला न्हाव्याकडं नेतात, संपला विषय. पण दुसऱ्याच्या देवावर तोंड टाकून दुसऱ्याचं पोर बरं करता येत नाही, हे तिला अनुभवानं माहीत होतं. रतनबाईनं पहिल्या दिवशी तिला वेगळ्या कपात चहा दिला होता, तोही ती मुकाट्यानं प्यायली होती.

मामा का येत नाही, ते कार्तिकीच्या आईनं, सायलीनं, तिला फाट्यापर्यंत सोडायला येताना सांगितलं. सायलीचे वडील, अप्पा, वारले तेव्हा भावानं, वैजनाथनं, हक्कसोडाचे कागद पुढं केले. बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा कायद्यानं असतो, पण लेकीनं तो भावाला सोडून द्यायचा, ही रीत. सही केली की माहेर राहतं, नाही केली की हिस्सा राहतो. दोन्ही राहिलेलं फार थोड्यांनी पाहिलंय. जमीन रस्त्याला लागून होती. सायलीचा नवरा ज्ञानेश्वर म्हणाला, “सही करायची न्हाई.” तिनं केली नाही. त्या दिवसापासून भावानं बहिणीचा उंबरा ओलांडला नव्हता.

रेश्मा वैजनाथकडं गेली. त्याचं गाव पारनेर तालुक्यातच होतं. तो कांद्याच्या चाळीत कांदा निवडत होता. त्यानं तिला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

“भाची माझीच हाय,” तो म्हणाला, “मी कुटं न्हाई म्हनतो? ताईला हक्कसोडावर सही करायला सांगा. दुसऱ्या दिवशी डोंगरावर मांडी घालून बसतो.”

“दादा, लेकराच्या कानाचा प्रश्न आहे.”

“आन माझ्या लेकरांच्या तोंडाचा न्हाई का?”

ती पोत्यावरून उठली. अडला हरी, दुसरं काय. एसटीत खिडकीला डोकं टेकून ती मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत आली. देवीला, मामाला, आजीला आणि सगळ्यात जास्त कॅलेंडरला.

हे ज्ञानेश्वरच्या कानावर घालायला हवं होतं. दोन्हीकडच्या चार शहाण्या माणसांना बसवून मेव्हण्यांची समजूत घालायला हवी होती. एरवी तिनं तेच केलं असतं. पण अशा बैठका महिने खातात, आणि तेवढे महिने शिल्लक नव्हते. पुढच्या तपासणीला सायली पोरीला घेऊन नगरला आली तेव्हा रेश्मानं भावाचा निरोप एकट्या तिलाच सांगितला. सायली पोरीच्या वेणीशी चाळा करत राहिली.

“ताई, तुमी माज्या जागी असत्या तर?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात, की कुटुंबाचा निर्णय कुटुंबाला घेऊ द्या, वाटा दाखवा आणि गप्प बसा. रेश्मानं हे नव्या मुलींना स्वतः शिकवलं होतं.

“मी सही केली असती,” ती म्हणाली.

घरी सांगितलं, नगरला तपासणी आहे. गेल्या पारनेरला, कचेरीत. सायली सही करत होती तोवर कार्तिकी रेश्माच्या कडेवर होती. पेन परत देताना सायली एवढंच म्हणाली, “अप्पांनी त्याच वावराच्या बांधावर मला सायकल शिकवली हुती.”

वैजनाथ शब्दाला जागला. डोंगरावर आला, नवा फेटा बांधून बसला, भाचीला मांडीवर घेतलं. वस्तरा लागताच कार्तिकीनं आकांत मांडला. रतनबाईनं केस पदरात झेलले आणि सगळ्यांसमोर रेश्माचा हात धरला. “म्याडम, तुमच्या शब्दाला लई वजन हाय. आमच्या भावकीला जमलं न्हाई ते तुमी केलं.” ज्ञानेश्वरनं मेव्हण्याला मिठी मारली आणि रेश्माच्या हातात नारळ दिला. मामा आपणहून विरघळला, असं त्याला सांगितलं होतं. रेश्मानं नारळ घेतला, पुरणपोळीही खाल्ली.  तारीख हुकली नव्हती, आणि तिला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. जूनमध्ये यंत्र चालू केलं तेव्हा कुणीतरी पाठीमागं ताट वाजवलं आणि कार्तिकीनं मान वळवली. सायलीनं ते ताट घेतलं आणि पुन्हा वाजवलं. ऐकू आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही, खरी मेहनत तिथून पुढं असते. आठवड्यातून दोनदा नगरला यायचं, आणि उरलेले दिवस घरी तेच. शिकवणाऱ्या बाई सायलीला बजावायच्या, “एक शब्द, एक काम. ‘दे’ म्हणा आणि द्या. ‘ये’ म्हणा आणि जवळ घ्या. आणि तिनं स्वतः शब्द काढला की क्षणभरही थांबू नका. टाळी वाजवा आणि ती म्हणेल तसं लगेच करा. आपण बोललो की काहीतरी घडतं, हे तिला कळलं पाहिजे.” सायलीनं हे व्रतासारखं धरलं. घरात नुसतं दे, घे, ये. दिवाळी आली तरी पोरीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पण ती आता माणसांच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली होती, आणि बाई म्हणत होत्या, आता फार दिवस लागायचे नाहीत.

भाऊबीजेला वैजनाथ साडी घेऊन आला. कितीतरी वर्षांनी त्या घरात भावाला ओवाळलं गेलं. जेवायला बसल्यावर त्याला भरून आलं. “ताईनं मन मोठं केलं, सही केली, म्हनून आज ह्यो दिस दिसला.” ज्ञानेश्वरचा घास हातातच राहिला.

पाहुण्यासमोर तो काही बोलला नाही. पाहुणा गेल्यावर बोलला, आणि नंतर रोज बोलत राहिला. “मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो व्हय?” खरं म्हणजे तो नाहीच म्हणाला असता. पण नाही म्हणायचीही संधी त्याला दिली नव्हती, आणि ती बोच जमिनीपेक्षा खोल होती. “भावाचं घर भरलंस, आता भावाकडंच जा.” सकाळी जा, जेवताना जा, निजताना जा. सायली एकदा गेलीही. भावजयीनं दोन दिवस गोडधोड केलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, परतीची गाडी कितीची आहे. ती परत आली ती पोरीसाठी. पण आता तिला नगरला जाऊ देत नव्हते. शिकवणी बंद पडली. रेश्माचे फोन कुणी उचलेना.

डिसेंबरात रेश्मा स्वतःच वस्तीवर गेली. सायली निम्मी झाली होती. ओट्यावर तिच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. ज्ञानेश्वर ती रोज बाहेर आणून ठेवायचा आणि सायली रोज आत न्यायची, असं रतनबाईनं हळूच सांगितलं. तिचंही मन खात होतं, पण लेकापुढं तिचं चालत नव्हतं.

रेश्मा उभ्या उभ्याच बोलली. “ज्ञानेश्वरदादा, सही करायला मी सांगितलं. तिचा दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला, पण पोरीची शिकवणी बुडवू नका.”

 तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तुमचं काम कानाचं हुतं, म्याडम,” तो म्हणाला. “जमिनीचं कुनी सांगितलं हुतं तुमाला? डोंगरावर मी तुमच्या हातात नारळ दिला. तवा का न्हाई बोलल्या?”

 पोरीला वाचवायच्या घाईत तिनं पोरीच्या आईच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती, आणि हे तिला त्या अंगणात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. ज्ञानेश्वर बायकोकडं वळला. आवाज चढवून, रोजच्यासारखाच म्हणाला, “जा.”

सायली रोजच्यासारखीच खाली मान घालून उभी राहिली.

कार्तिकी दारात होती. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग आईकडं. तिचे ओठ हलले, जरा जुळवाजुळव झाली, आणि ती म्हणाली, “जा.”

अगदी स्पष्ट. “बोलली,” रतनबाई ओरडली, “आगं बया, पोरगी बोलली.” ज्ञानेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला.  रेश्माचे हात सवयीनं टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले.

टाळी सायलीनं वाजवली. पोरीजवळ जाऊन गुडघ्यावर बसून वाजवली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, “शाब्बास माजी बाय.” मग उठून तिनं ओट्यावरची पिशवी उचलली.

“सायली, अगं तिला अर्थ कळत नाही,” रेश्मा म्हणाली.

“म्हनूनच, ताई. ती म्हनंल तसं लगीच करायचं. बाईंनी सांगितलंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. इतके दिवस जिच्यासाठी ती उभी होती तिनंच सुटका केल्यासारखी ती अंगण ओलांडून रस्त्याला लागली. तिला अडवायला कुणाचेच पाय हलले नाहीत. आपण बोललो आणि आई खरंच चालायला लागली, हे बघून कार्तिकीला गंमत वाटली. ती कुंपणापर्यंत धावली आणि हसत हसत पुन्हा म्हणाली, “जा.” आई लांब जायला लागली तसं तिचं हसू कमी कमी झालं. तिनं बराच वेळ तोंड उघडून धडपड केली. ‘ये’ तिला अजून म्हणता येत नव्हतं.