खोडलेला नंबर

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट बनवली ती फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका काकांनी. फॅक्टरीत मशीनला कार्ड लटकवत, तसंच त्यांनी मंडळाच्या कॉम्प्युटरला लटकवलं. त्यावर वेबसाइटवर सूचना टाकायच्या चार पायऱ्या होत्या आणि खाली, अडलं तर विचारायला, त्यांचा फोन नंबर. मी नवं बटण सुचवलं की म्हणत, "काहून? कांचघर मोहल्ल्यातल्या काकूंना जमेल? नाही ना? चलो, हटाओ."

एका रविवारी त्याच काकूंनी कोणाचीही मदत न घेता, नुसतं कार्ड बघून भेडाघाटच्या सहलीची सूचना टाकली. काकांनी खिशातलं पेन काढून कार्डावरचा आपला नंबर खोडला. "मग मी इथं काय करून राहिलो?" म्हणाले आणि चपला घालून निघाले.

तो नंबर मला अजून पाठ आहे. पण वेबसाइट मेली बिघडतच नाही.