पुडीच्या कागदाची वही

सातवीच्या वर्गात आज खळीचा वास भरून राहिला आहे. ज्वारीच्या पिठाची, घट्ट शिजवलेली खळ. मुलं किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद वहीत चिकटवताहेत, बाकांवर ओल्या बोटांचे ठसे उमटताहेत. हा वास आला की मी क्षणभर फळ्याकडे तोंड करून उभी राहते. मुलांना वाटतं, बाई काहीतरी आठवताहेत. खरं तर मी विसरायचा प्रयत्न करत असते.

ही पद्धत माझी नाही, बोरीच्या अलीकडच्या आमच्या गावात मराठी शिकवणाऱ्या सरांची आहे. आमच्या घरांत छापील असं फारसं नसायचंच. भिंतीवरचं कॅलेंडर, खताच्या पोत्यावरची अक्षरं, रेशनकार्ड. सर म्हणायचे, पुडी सोडली की कागद सरळ करा, दोनदा वाचा, वहीत चिकटवा आणि जिथं तो फाटलाय तिथून पुढं पाच ओळी आपल्या मनानं लिहा. रोज, जेवणासारखं. घरात पहिल्यांदाच पाटी धरणाऱ्या माझ्यासारखीला वाचायची चटक लागली ती अशी, हळदीनं पिवळ्या झालेल्या अर्ध्यामुर्ध्या कागदांवरून. पदवीचा कागद हाती आला तेव्हा सवयीनं मी आधी त्याची फाटकी कड शोधली होती.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मात्र पाच ओळींवर कधी थांबली नाही. एकदा तिच्या वाट्याला रेल्वेच्या वेळापत्रकाचा तुकडा आला, नुसते आकडे. तिनं लिहिलं, पूर्णा जंक्शनवर एक बाई प्रत्येक गाडीला उठून उभी राहते आणि गाडी गेली की पदर सारखा करून पुन्हा बसते. पूर्णा तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

सहावीनंतर तिच्या वडलांनी तिची शाळा सोडवली. सरांनी मला बोलावून सांगितलं, "तिला सांग, घरी लिहायचं आणि तुझ्याजवळ द्यायचं. दिवाळीपर्यंत पानं येऊ दे. गठ्ठा घेऊन मीच तिच्या बापाच्या दारात बसतो. पोरीनं काय लिहिलंय ते त्यालाच वाचून दाखवतो, मग बघू कसा न्हाई म्हणतो."

सकाळी हापशावर ती घडी केलेली पानं माझ्या हातात द्यायची. पहिलं पान मी सरांना दिलं. त्यांनी ते वर्गात वाचलं, मग माझी वही उघडली आणि एक ओळ बघून मिटली. तेवढंच. पण ती गेल्यापासून पहिला नंबर माझा होता, आणि ते वहीचं मिटणं मला सोसलं नाही. दुसरं पान मी दप्तरातच ठेवलं. मग तिसरं. मग सगळीच.

"सर काय म्हणले गं?" ती घागर भरता भरता विचारायची.

"काईच न्हाई म्हणले."

"वाचलं तरी का?"

"काय म्हाईत."

"लय मोठी झालीस सातवीत जाऊन," ती हसून म्हणायची आणि पुढचं पान द्यायची.

इकडं सर विचारायचे, "लिहायलीय का ती?"

"न्हाई सर. कापसाला जायलीय."

सर मान हलवायचे. त्यांनी दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. तिनंही पानं देणं सोडलं. सर कुणाच्या दारात गेले नाहीत. दिवाळीच्या आवराआवरीत मी ती पानं जुन्या वह्यांत घालून दुकानदाराला रद्दीत दिली. नंतर कितीतरी महिने घरातली प्रत्येक पुडी मीच सोडायचे. साखर डब्यात ओतली की कागद उलटा करून बघायचे, तिचं अक्षर तर नाही ना. एकदाही आलं नाही. माझ्या नाही, तर कुणाच्या तरी घरी ते गेलंच असेल. कुणीतरी त्यात बांधलेली डाळ शिजवून खाल्ली असेल.

मागच्या हिवाळ्यात ती येलदरीच्या रस्त्यावर, एसटीची वाट बघताना भेटली. सर वारल्याचं तिला ठाऊक होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं अगदी सहज विचारलं, "माझं लिहिलेलं सरांनी समदं वाचलं होतं का गं?"

मी म्हटलं, "हो. समदं."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोचतच न्हाई." तिचा चेहरा असा निवला की खरं सांगायची उरलीसुरली वाटही बंद झाली. ते आता सांगितलं तर ओझं माझं उतरेल, आणि जाईल ते तिचं समाधान.

एखादी मुलगी चार दिवस वर्गात दिसली नाही की तिची वही मी कुणाच्या हाती मागवत नाही, स्वतः जाते. दारात कुणीतरी म्हणतं, "या बाई, काय काम काढलं?" पोरगी आतून वही घेऊन येते. मी उंबऱ्यावर बसून तिच्या बापाला पान वाचून दाखवते, आणि वाचता वाचता दर वेळी वाटतं, की ज्या दारात यायचं होतं, ते हे नव्हे.